अकरा वर्षांत एकही फेल नाही

२ एप्रिल २०२५, बुधवार
ठराव. आजपासून मॉलीचा विचार करायचा नाही. तिच्याबद्दल बोलायचं नाही, घरी शैलाजवळ तर अजिबातच नाही. डॉक्टरांनी बीपी एकशे पन्नास सांगितलंय. ते काही मिठाने झालेलं नाही.

कोण मॉली? गेल्या सप्टेंबरात आमच्या कंपनीत लागलेली, उत्तनची, वय अडतीस. आधी अंधेरीच्या कुठल्याशा मोठ्या लॅबमध्ये होती. रोज स्कूटीवरून भाईंदर पूर्वेला येते, हेल्मेट काढते आणि सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणते. सगळ्यांना! वॉचमन सदूलासुद्धा. याला म्हणतात पॉलिटिक्स.

मी इथे अकरा वर्षं. आम्ही मच्छीमार बोटींच्या वायरलेस सेटचे अँटेना बनवतो आणि मी ते तपासतो. अकरा वर्षांत दशरथ घागच्या हातून एकही अँटेना फेल गेलेला नाही. एकही! हाताला गुण असावा लागतो.

मॉलीचा विचार इथे संपला.

३ एप्रिल, सकाळी ९.१०
ठराव मोडला. माझी चूक नाही, तीच समोरून गेली.

हातात ती पेटी. दिवसातून दोन-तीनदा पेटी घेऊन गच्चीवर जाते. चार जिने. आमच्या इंडस्ट्रियल इस्टेटला लिफ्ट आहे, पण ती मालाची, आणि तीही बंद.

पुढेमागे नव्या लोकांना शिकवायची वेळ माझ्यावर येणारच आहे, तेव्हा लेक्चरचे मुद्दे इथेच उतरवून ठेवतो. अँटेना गच्चीवर उभा करायचा. तिथून पंचवीस मीटर केबल खाली लॅबमध्ये येते आणि ॲनालायझरला लागते. ॲनालायझर वर सिग्नल सोडतो. चांगला अँटेना तो हवेत सोडून देतो, वाईट असेल तर परत पाठवतो. जितका कमी परत आला तितका आकडा मोठा. आकडा दहाच्या वर गेला की पास. त्याआधी मशीन झीरो करावं लागतं, त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. तीन छोटी टोपणं असतात. एकेक लावायचं, बटण दाबायचं.

मी ती टोपणं खाली, मशीनच्या तोंडालाच लावतो. एसीत बसून. दोन मिनिटांत काम तमाम. ही बाई त्या पेटीत टोपणं घेऊन गच्चीवर जाते, केबलच्या वरच्या टोकाला लावते, आणि तिथून आमच्या सोल्डरिंगवाल्या दुर्गाला फोनवर सांगते, आता बटण दाब. वीस मिनिटं! उन्हात! का, तर खाली आल्यावर शेठना घाम दिसला पाहिजे.

९ एप्रिल
मोठी बातमी. उत्तनच्या मच्छीमार सोसायटीची दोनशे अँटेनांची ऑर्डर येतेय. अट एकच, प्रत्येक अँटेनाच्या रिपोर्टवर एकाच जबाबदार माणसाची सही हवी. किरीटशेठ म्हणाले, इसके लिए लॅब हेड बनाना पडेगा. काचेची केबिन, दारावर नाव. सोसायटीचे लोक २० मेला लॅब बघायला येणार, त्याच दिवशी ठरवू. जो अच्छा होगा, वो साइन करेगा, बस.

हे बोलताना शेठ माझ्याकडे बघत होते. मधे थोडा वेळ मॉलीकडे बघितलं, पण ती पंख्याखाली उभी होती, पंख्याकडे बघत असतील.

घरी सांगून टाकलं की झालं. शैलाने विचारलं, शेठ तसं म्हणाले का. म्हटलं, सगळं तोंडाने म्हणायचं नसतं. ती म्हणाली, मग मागच्या वेळी पगारवाढीचं पण तसंच झालं होतं ना. काही लोकांना आनंद बघवतच नाही.

११ एप्रिल
या आठवड्याचा हिशोब. मी तपासले चाळीस, पास चाळीस. तिने बावीस, त्यात सहा फेल! शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. माल फुकट गेला म्हणून दुर्गालाही बोलणी बसली.

येताना मीरा रोड स्टेशनबाहेर पाव किलो पेढे घेतले. शैलाला सांगितलं, हनुमान जयंती आहे. ती म्हणाली, उद्या आहे. म्हटलं, आज ताजे मिळाले.

१६ एप्रिल
आज कमाल झाली. बाईसाहेब माझ्या टेबलाशी आल्या. हळू आवाजात, अगदी नम्रपणे. (हा नम्रपणा मला चांगला माहितेय.) म्हणाली, दशरथ सर, आपण खाली झीरो केलं तर मधली केबल पण मोजणीत येते ना. सिग्नल जाताना केबल खाते, येताना पुन्हा खाते. जे केबलने खाल्लं ते आपल्याला वाटतं अँटेनाने हवेत सोडलं. केबल उन्हात शिजलीय सर, बदलूया का आपण दोघं मिळून?

म्हणजे माझी केबल चोर!

ती केबल मी २०१४ साली स्वतःच्या हाताने टाकलीय, क्लिपा ठोकताना अंगठा सुजला होता. तिला म्हटलं, तुम्ही अंधेरीत एसीत काम केलंय, तुम्हाला फील्डचं काय कळणार. मग लक्षात आलं की एसीत तर मी बसलो होतो. पण वाक्य बोलून झालं होतं, आणि ते जोरात बोललो होतो, म्हणून चाललं.

संध्याकाळी केबलवर चिकटपट्टी लावून लिहिलं: हात लावू नये. द. घाग.

२० एप्रिल, रविवार
ईस्टर. मॉलीने सगळ्या स्टाफला उत्तनला घरी जेवायला बोलावलं होतं. मी गेलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. मुगाची खिचडी केली, तळाला लागली.

शैला गेली! माझी बायको! वर म्हणे, तुमचं भांडण असेल, माझं कुठे आहे. परत आली ती मॉलीपुराण घेऊन. मॉलीचं अंगण, मॉलीची सासू, मॉलीने मला गाडीपर्यंत सोडलं, मॉली किती साधी. सोबत बाटलीभर मसाला, त्यांच्याकडे घरोघरी कुटतात तो. माझ्या स्वतःच्या ओट्यावर, हळदीच्या शेजारी, तिची बाटली.

२२ एप्रिल
शैलाने त्या मसाल्याचं कोलंबीचं कालवण केलं. निषेध म्हणून काहीच बोललो नाही. तीनदा घेतलं, तेही न बोलता.

२४ एप्रिल
भाईंदरच्या केबिन रोडला जाऊन रबरी शिक्का करून घेतला. “दशरथ घाग, लॅब हेड.” दुकानदाराने विचारलं, प्रमोशन हुआ क्या साहब? म्हटलं, हो ही गया समझो. त्याने हात मिळवला. परक्या माणसाला कळतं.

घरी वर्तमानपत्रावर मारून बघितला. छान उमटतो. मृत्युलेखांवर मारला गेला ते शैलाने दाखवलं.

२९ एप्रिल
बोटींवरून नऊ अँटेना परत आले. तक्रार एकच, आवाज लांब जात नाही. नऊच्या नऊ माझे, सगळे दीड-दोन वर्षांपूर्वीचे. चिठ्ठीवर डीजी लिहिलेलं.

घाबरण्यासारखं काही नाही. मी जास्त तपासतो, मग परतही माझेच जास्त येणार. हा साधा हिशोब आहे. तिचा एकही आला नाही याचं कारण तिचे अँटेना नवे आहेत. शिवाय खारी हवा. शिवाय काही लोकांचे आवाजच बारीक असतात.

शेठनाही हे समजावलं. शेठ म्हणाले, हम्म. पटलं असावं.

५ मे
कारस्थान सापडलं!

मी साडेपाचला निघतो. सदूने आज सहज सांगितलं की मॉली मॅडम रोज सातपर्यंत थांबतात. काय करतात? तर मी दिवसभरात पास केलेले अँटेना पुन्हा गच्चीवर नेतात. त्यातले काही बाजूला काढतात, दुर्गा ते सकाळी उघडून पुन्हा सोल्डर करते. नोव्हेंबरपासून चाललंय म्हणे.

म्हणजे सहा महिने माझ्या कामावर पाळत! अरे, काही माणुसकी? सदूला विचारलं, मला आधी का नाही सांगितलंस. म्हणाला, मॅडम बोलली, सरांना वाईट वाटंल.

आणि दुर्गा सामील! ती तिला मॉलीताई म्हणते. मला अकरा वर्षं सर. ताईसारखं काही माझ्या वाट्याला कधी आलं नाही. आज हे फार लागलं, खरंच लागलं. चहापण अर्धा ठेवला.

८ मे
आता आरपार. शेठना प्रस्ताव दिला: २० मेला सोसायटीच्या लोकांसमोर सामना. अँटेना त्यांनीच आणायचा, तोच आधी मी तपासणार, मग ती. होऊन जाऊ दे. शेठ म्हणाले, चालसे.

दुपारी मॉली आली. म्हणाली, सर, लोकांसमोर नको ना. शनिवारी आपण दोघंच करून बघू, दार लावून. कोणाला सांगायचं पण नाही.

घाबरली! चक्क घाबरली! डोळ्यांत दिसत होतं. मी म्हटलं, मॅडम, सत्य असं दार लावून तपासत नसतात.

हे वाक्य फार चांगलं आलं. २० तारखेला पुन्हा वापरावं.

१३ मे
भाषण पाठ करतोय. आरशासमोर बारा मिनिटं होतात. शैला म्हणाली, केबल बघून घ्या एकदा, मॉली म्हणत होती… मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. घरात एवढी तरी शिस्त हवी.

१९ मे
कटिंग, डाय. निळा शर्ट. शिक्का बॅगेत. गच्चीवर जाऊन केबलचं वरचं टोक एकदा पुसून यावं असं मनात होतं, पण गुडघा. शिवाय उद्यासाठी ताकद राखून ठेवायला हवी.

२० मे, सकाळी ६.१५
आज.

२० मे, दुपारी ३.४०. (टॉयलेटमध्ये बसून लिहितोय. पेन चालत नाही, पेन्सिल.)
क्रमाने लिहितो, म्हणजे नीट दिसेल.

अकराला सोसायटीचे तिघे आले. त्यांच्यात चेअरमन सॅम्युएल, उत्तनचा बोटवाला, साठीचा, हात फळीसारखे. काखेत स्वतःच्या बोटीवरचा अँटेना. चिठ्ठीवर डीजी. म्हणाला, ह्योच तपासा.

मी अँटेना दुर्गाच्या हातात दिला, वर जाऊन लाव म्हटलं, आणि भाषण सुरू केलं. खाली बसूनच मशीन झीरो केलं, तेही बोलता बोलता. लोकांना ते आवडलं. मग वरची केबल जोडली. दुर्गाचा फोन यायचा होता, पण मी कधी फोनची वाट बघत नाही. कोण किती वेळात चढतं याचा अकरा वर्षांचा अंदाज आहे.

स्क्रीनवर आकडा: चौदा. पास!

मी म्हणालो, बघा. शेठनी टाळी वाजवली. मी रिपोर्ट भरला, सही केली, आणि (अरे देवा) शिक्का मारला. शेठनी शिक्का वाचला. मी म्हणालो, या बोटीचा आवाज पोचणारच, ही दशरथ घागची गॅरंटी.

तेवढ्यात दार उघडून दुर्गा आत आली. तिच्या हातात अँटेना.

म्हणाली, सर, वरचा स्क्रू गंजलाय, हाताने बसत नाही, पक्कड द्या.

मी तिच्या हाताकडे बघितलं, मग स्क्रीनकडे. एसीचा आवाज येत होता. वर केबलच्या टोकाला काहीच नव्हतं. नुसतं उघडं टोक. आणि मी त्याला पास केलं होतं. सहीनिशी.

मॉली पटकन पुढे आली. म्हणाली, सर आधी नुसती केबल दाखवत होते, किती खाते ते. सर, आता अँटेना लावून दाखवूया ना?

मला एवढंच म्हणायचं होतं, हो. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. तोंडातून निघालं नाही.

सॅम्युएलने रिपोर्ट हातात घेतला, लांब धरून वाचला. म्हणाला, म्हंजी वर काय बी न्हाय, तरी पास हाय? मग त्याने सांगितलं. फेब्रुवारीत त्याचा मुलगा एल्रॉय बोटीवर होता, सोबत चार खलाशी. इंजिन बंद पडलं. सेट हाय, बॅटरी हाय, चार तास पोरगा वरडत व्हता, कोनाला आयकू गेला न्हाय. दुसरी बोट योगायोगाने त्या बाजूला आली म्हणून वाचले. त्याने आवाज चढवला नाही. अँटेना टेबलावर ठेवला, चिठ्ठी माझ्या बाजूला करून.

मला कोणी रागावलं नाही. कोणीच नाही. तिघांना बाहेर घेऊन जाताना शेठनी दार हळूच ओढून घेतलं, आजाऱ्याच्या खोलीचं ओढतात तसं.

२१ मे
रजा. कारण: गुडघा.

शैलाला सगळं सांगितलं. वाटलं होतं हसेल. ती हसली नाही. माझ्या ताटात भात वाढला आणि समोर बसून राहिली. हसली असती तर बरं झालं असतं.

झोपून विचार केला. केबल खराब होती, मान्य. ऊन कंपनीचं, गच्ची कंपनीची. गंजलेला स्क्रू माझा नाही. दुर्गा उशिरा पोचली. पण कितीही फिरवलं तरी तो मुलगा चार तास ओरडतच राहतो.

२२ मे
मॉली लॅब हेड झाली. नोटीस लागली. मी सगळ्यांच्या आधी अभिनंदन केलं, म्हणजे कोणाला वाटायला नको. तिचा हात गार होता.

शेठनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, काढलं. शेठ म्हणाले, मी काढणारच होतो, दशरथभाई. पण ती बोलली, सरांना काढलंत तर मला पण पोस्ट नको. बोटीबोटींवर बसलेले चारशे बारा अँटेना परत आणून तपासायचे आहेत, बोटी १ ऑगस्टला सुटतात, आणि ते काम तिला माझ्याकडूनच करून हवंय.

ऐकलं का? माझ्यासाठी पोस्ट सोडायला निघाली होती! म्हणजे मोठेपणातसुद्धा या बाईने मला पुढे जाऊ दिलं नाही. जिना उतरताना डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं. बरंचसं रागाचं होतं.

२३ मे
मॉली आणि मी मिळून नवी केबल टाकली. जुनी कापली तेव्हा आतून हिरवं पाणी निघालं. मी बघत राहिलो. ती म्हणाली, २०१४ ची म्हणजे खूप टिकली सर. हे तिने चांगल्या मनाने म्हटलं असेल तर ते जास्तच वाईट.

क्लिपा मीच ठोकल्या. तिच्या क्लिपा वाकड्या बसतात. (बसल्या असत्या. मी तिला ठोकूच दिल्या नाहीत.)

२४ मे, शनिवार
पेटी घेऊन गच्चीवर गेलो. चार जिने, तीन थांबे. केबलच्या वरच्या टोकाला तिन्ही टोपणं एकेक करून लावली. खालून दुर्गा फोनवर होती. ऊन मरणाचं होतं.

पहिला अँटेना सॅम्युएलचा. दुर्गाचा फोन आला: तीन.

दहाच्या वर पाहिजे, आणि तीन. मी पुन्हा लावून बघितला. तीनच. रिपोर्टवर फेल लिहिलं. अकरा वर्षांत हा शब्द पहिल्यांदा लिहिला, रकान्यात नीट मावेना.

दुर्गाने तो उघडून पुन्हा सोल्डर केला. मी पुन्हा वर. तेरा. या वेळी अँटेना खरोखरच लावलेला होता, मी हाताने धरून खात्री केली. रिपोर्ट भरला. “तपासणारा” या शब्दापुढे माझी सही, त्याच्या खाली मॉलीची, तिच्या अधिकाराची.

पाच वाजता सॅम्युएल अँटेना न्यायला आला. मी मुद्दाम पुढे झालो, मॉलीच्या आधी. त्याने विचारलं, आता पोचंल ना आवाज?

मी म्हणालो, पोचेल.

सॅम्युएलने मॉलीकडे बघितलं. तिने मान हलवली. मग त्याने अँटेना उचलला.